ज्याचा विषय, तो बाहेर

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही नेदरलँड्समधल्या झूटरमेरहून उत्तरेकडच्या एका छोट्या बेटावर निघालो होतो. बोटीच्या डेकवर, अंतर राखून बसलेल्या एका बाईंनी मास्क हनुवटीवर ओढून थर्मासमधली कॉफी ओतली. बेटावर त्यांची पर्यटकांच्या तंबूंची कॅम्पसाइट होती, शिवाय बेटाच्या नऊ जणांच्या परिषदेवर त्या निवडून आल्या होत्या.

"एवढ्याशा बेटावर सगळे एकमेकांचे नातेवाईकच असतील," मी म्हणालो.

"असतातच. म्हणून ज्याचा विषय निघतो, तो उठून बाहेर जातो."

आदल्या वर्षी तंबू लांब लांब लावायला त्यांनी शेजारचं कुरण मागितलं होतं. ते नाही मिळालं तर निम्मेच तंबू लागणार, म्हणजे हंगाम बुडालाच. चर्चा सुरू झाली तशा त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. आत त्यांच्या सख्ख्या भावाने, तोही परिषदेचा सदस्य, विरोधात हात वर केला. कुरणात पक्ष्यांची घरटी आहेत, म्हणाला. कुरण मिळालं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नागरिकशास्त्र तोंडपाठ होतं, पण आपणहून असा बाहेर गेलेला सदस्य आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत कधी पाहिला नव्हता. मी सरळ विचारलं, "भावाचा राग नाही आला?"

"आला की! बोलणंच बंद केलं. पुढच्याच महिन्यात त्याच्या हॉटेलला रस्त्यावर टेबलं मांडायची परवानगी हवी होती. आता तो बाकावर आणि मी आत."

"मग?"

"त्याच्या बाजूने हात वर केला. मागणी रास्त होती." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "बोलायला मात्र नाताळात लागले."