सात मिनिटांची श्रीमंती

डोंबिवली पूर्वेत आज जो कोणी गरीब आहे तो निव्वळ स्वतःच्या हट्टापायी गरीब आहे, कारण माझ्या बायकोच्या मामांनी तिथल्या एकूण एक माणसाला केव्हाच श्रीमंत करून ठेवलेलं आहे. वाण्यापासून वॉचमनपर्यंत ज्याची म्हणून जन्मवेळ त्यांच्या हाती लागली, त्याच्या पत्रिकेत त्यांनी निदान एक धनयोग काढून दिलाच. एखाद्याचे ग्रह फारच आडमुठे निघाले तर त्याला ‘बावन्नाव्या वर्षानंतर बघा’ अशी पुढची तारीख मिळे, पण रिकाम्या हातानं त्यांचा जिना कुणी उतरला नाही. मामा स्वतः एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. राहायला दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या दोन खोल्यांत बनियनवर बसून एवढी संपत्ती वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बरं, दक्षिणा म्हणाल तर एक पैसा घेत नसत. धनाची विद्या धन घेऊन सांगितली तर स्वतःचं लाभस्थान बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. न बिघडलेल्या लाभस्थानातून काय आलं, हा प्रश्न मामींनी कधी विचारला नाही आणि आमची विचारायची टाप नव्हती.

पत्रिकेत घरं बारा असतात. मामांना त्यातल्या तिनांशीच कर्तव्य. दुसरं घर धनाचं, अकरावं लाभाचं आणि बारावं खर्चाचं. उरलेली नऊ त्यांनी जणू भाड्यानं दिली होती, तिकडे ते फिरकतही नसत. त्यांच्या मजल्यावरच्या एक बाई गुडघ्याचं ऑपरेशन कधी करावं हे विचारायला आल्या, तेव्हा मामा म्हणाले, ‘गुडघा डॉक्टर बघतील, तुम्ही आधी तुमच्या लाभेशाचं ऐका.’ बाई लाभेशाचं, म्हणजे अकराव्या घराच्या मालकाचं, ऐकून घरी गेल्या आणि जावयाच्या नावानं लॉटरी काढून आल्या. गुडघा अजून तसाच आहे.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. सगळ्यांनी नाव विचारलं, मामांनी जन्मवेळ विचारली. मग सगळे उत्सुकतेनं त्यांच्याकडे बघत असताना त्यांनी जाहीर केलं, ‘लाभात राहू आहे. पैसा येणार, पण कुठून आला ते सांगता येणार नाही.’ माझे सासरे सरळमार्गी माणूस, त्यांचा चेहराच उतरला. मी ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तराकडे कुठून आला ते सांगता येणार नाही असा पैसा यायचा म्हणजे त्यानं रात्री नोटाच रंगवायला हव्यात. तरी लग्न ठरलं, आणि मामांनी माझ्या श्रीमंतीसाठी बेचाळिसावं वर्ष मुक्रर केलं. बेचाळिसाव्या वर्षी मला एका दुकानाच्या सोडतीत मिक्सर लागला. मामा ठाण्याला पेढे घेऊन आले. त्यांनी मिक्सर उलटासुलटा करून पाहिला, आणि ‘सुरुवात झाली’ एवढंच म्हणाले.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही एक शिक्षा असे. भाजीवाल्याशी घासाघीस करायची नाही हा त्यांचा नेम. कारण भाजीवाल्याची पत्रिका बलवान असेल तर उद्याच्या कोट्यधीशाशी वैर नको, आणि दुबळी असेल तर आधीच गांजलेल्या माणसाच्या पोटावर पाय नको. पत्रिका माहीत नसेल तर ती कळेपर्यंत पडेल तो भाव द्यायचा. शेवटी मामींनी त्यांच्या हातून पिशवी काढून घेतली ती कायमची. एका नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत ते माझ्यासोबत होते. रांग दोन तासांची. तेवढ्यात त्यांनी पुढच्या चौघांची आणि मागच्या तिघांची धनस्थानं उरकली. देवीसमोर पोचलो तेव्हा ते सातही जण तिच्याकडे पाठ करून मामांना नमस्कार करत होते.

आता एवढे धनयोग येत कुठून, याचं गुपित मला लग्नानंतर चार-पाच वर्षांनी कळलं. मामा जन्मवेळ दुरुस्त करत. ही दुरुस्ती शास्त्रात आहे म्हणतात, पण शास्त्रातला माणूस आयुष्यात घडलेल्या घटना ताडून वेळ सुधारतो. मामा समोरच्याचा चेहरा बघून सुधारत. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. मूल जन्मलं की नर्स आधी मुलाकडे बघते, मग आईकडे, मग हात धुते आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. म्हणजे कागदावरची वेळ ही मुलाची नव्हेच, ती नर्सच्या हात धुण्याची वेळ. तेव्हा पाच-सात मिनिटं अलीकडे यायला काहीच हरकत नाही. एवढ्यानं लग्नरास मागे सरकली, तर बाराही घरं आपापल्या जागा बदलतात, आणि मघाशी खर्चाच्या घरात फतकल मारून बसलेला ग्रह चांगल्या ठिकाणी जाऊन बसतो. सात मिनिटांनी भागलं नाही तर मामा वीस मिनिटं अलीकडे येत. कल्याणजवळच्या एका गावातल्या जमीनदार शेठच्या बाबतीत तर वेळच नव्हती. त्यांची आई सांगायची की भाताची लावणी चालली होती आणि म्हैस सुटली होती, बस्स. मामांनी दारातल्या गाडीकडे एकदा बघितलं आणि गाडीवरून मागे मागे जात म्हैस सुटल्याची अचूक वेळ काढून दिली. शेठ इतके खूश झाले की पुढे वर्षभर मामांकडे भेंडी येत होती.

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत आलो. अजूनही करेन. पण गेल्या वर्षी त्या टिंगलीच्या विषयातच वैदेहीचं लग्न अडकलं.

वैदेही ही मामांची एकुलती एक मुलगी. ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चप्पलसुद्धा न काढता दारातच म्हणाली, ‘जिजू, तुम्ही बाबांशी बोला. आता माझ्याच्याने होत नाही.’ तिला निखिलशी लग्न करायचं होतं. निखिल डोंबिवलीतल्याच एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, राहायला दोन स्टेशनं अलीकडे दिव्याला, भाड्याच्या घरात, सोबत फक्त आई. मामांना मुलगा आवडला होता, त्याची आई आवडली होती, जातीपातीचा प्रश्न त्यांनी काढलाच नव्हता. पण पत्रिकेत धनस्थानाचा मालक खर्चाच्या घरात बसला होता. म्हणजे हाती येईल ते जाईल. मामांनी नाही म्हटलं, आणि वैदेही त्यांच्या होकाराशिवाय लग्न करणार नव्हती. असे आठ महिने गेले होते. निखिलच्या आईनं आता दुसरीकडे बघू का असं विचारलं होतं. रडून झाल्यावर वैदेहीनं मोबाइल काढला. ‘मी अ‍ॅपवर घालून बघितलं. त्याची वेळ सात बेचाळीस आहे. सात पस्तीस केली ना, की सगळं बदलतं. अख्ख्या डोंबिवलीला सात मिनिटं दिली बाबांनी. त्यालाच का नाही देत?’

प्रश्न अगदी माझ्या मनातला होता. दुसऱ्याच दिवशी मी डोंबिवलीला गेलो. खरं सांगतो, मी जरा खुशीतच जिना चढलो. वीस वर्षांत प्रथमच मामा माझ्या तावडीत सापडणार होते.

मी नर्सचा मुद्दा काढला. मामा म्हणाले, ती नर्स अनुभवी असणार. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यातलं घड्याळ एवढं बरोबर कसं? ते म्हणाले, त्या दिवशी होतं. मी शेठची म्हैस काढली, देवीच्या रांगेतल्या सात भक्तांची धनस्थानं काढली, माझा मिक्सरसुद्धा काढला. शेवटी मी जरा आवाज चढवून विचारलं की मग इतकी वर्षं लोकांना जे सांगितलंत ते काय होतं.

‘लोकांना मी आशा देतो, जावईबापू,’ मामा म्हणाले. ‘मुलगी देत नाही.’

मला राग आला. म्हणजे हे गृहस्थ सगळं जाणून होते. दुसऱ्यांना वाटलेली नाणी खोटी आहेत हे ठाऊक असल्यामुळेच घरच्या व्यवहारात ती चालवायला तयार नव्हते. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि ते बोलायला नको होतं असं मला अजून वाटतं. तेवढ्यात मामी आतून आल्या. त्यांनी कपाटातून एक पिवळी पडलेली पत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. ‘ही यांची. तुम्हाला आता वाचता येते ना थोडी?’

मामांची पत्रिका आमच्यापैकी कुणीच कधी पाहिली नव्हती. ती राजयोगांनी खच्चून भरलेली असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी दुसरं घर शोधलं, त्याचा मालक शोधला. तो बाराव्यात होता. निखिलसारखाच. मी तरीही सवयीनं म्हणालो, ‘वेळ सुधारून बघितलीत का?’

‘माझी वेळ आईनं सांगितलेली आहे,’ मामा म्हणाले. ‘ती मी हलवत नाही.’

मामी माझ्या समोर बसल्या. त्यांच्या वडिलांना गुरुजींनी या स्थळाला नको सांगितलं होतं, तरी मामींनी स्वतःच हट्टानं होकार दिला होता, हे त्यांनी मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘चौतीस वर्षं झाली. मला काय कमी पडलं, सांगा बरं यांना.’

मामांनी मामींच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘तुला काय कमी पडलं ते मलाच माहीत आहे. एकोणीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल लावलेस. बोटाला सुईनं घट्टे पडले तुझ्या. मी दिव्याला जाऊन आलोय. टँकर येतो, आणि ती माउली बादल्या घेऊन जिना चढते. उद्या माझी पोर चढेल.’

वीस वर्षं मी या माणसाला खुळा समजत होतो. एवढ्या लोकांच्या पत्रिकेतला खर्चाच्या घरातला ग्रह ते का उचलून दुसरीकडे ठेवत होते, ते मला त्या खोलीत कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. मामी मात्र जराही हलल्या नव्हत्या.

‘लावले फॉल,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी कधी म्हटलं का, की तुमची वेळ बदला म्हणून?’

मामा उठून गॅलरीत गेले. मामींनी मला चहा दिला, त्यांनाही तिकडे नेऊन दिला. मी निघालो तेव्हा ते कठड्याला टेकून खाली बघत होते. मला बस मिळेल का एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर आठवड्याभरानं वैदेहीचा फोन आला की बाबांनी निखिलच्या आईला जेवायला बोलावलं आहे.

साखरपुडा बिल्डिंगच्या गच्चीवर झाला. मामांनी दोघांच्या पत्रिका स्वतःच्या हातानं लिहून काढल्या होत्या. मी आधी निखिलची वेळ बघितली. सात बेचाळीस. अंगठ्या घालून झाल्यावर सगळे पंगतीला बसायच्या गडबडीत असताना निखिलची आई मामांजवळ आली. साधी बाई, निखिलच्या कारखान्यातल्या कुणाला तरी मामांनी पत्रिकेवरून फ्लॅट सांगितला होता हे तिच्या कानावर आलेलं. तिनं जरा लाजत विचारलं, ‘आमच्या निखिलचं कसं काय आहे हो पत्रिकेत? पैसा आहे ना?’

भोवतीची माणसं मामांकडे वळली. सगळी डोंबिवलीचीच, सगळी मामांनी श्रीमंत केलेली. आता सात मिनिटं सरकणार याची प्रत्येकाला खात्री होती, आणि मलाही मनातून ती सरकायला हवी होती. मामांनी खिशातून चष्मा काढला, पत्रिका उघडली, आणि बघायची काही गरज नसताना बराच वेळ बघत राहिले.

‘पैसा बेताचा आहे, विहीणबाई,’ ते म्हणाले. ‘पण सातवं घर बघा, बायकोचं. फार चांगलं आहे. माझंही अगदी असंच आहे.’

सातव्या घराबद्दल मामांनी तोंड उघडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पलीकडे मामी पानं मांडत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं असणार, कारण एका पानावर त्यांनी दोनदा मीठ वाढलं.