बाळाचा कूलर आणि पाळण्याची कॅसेट

नणंदेची मुलगी हल्ली बिस्किटाएवढा कॉम्प्युटर घेऊन बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालते. मी विचारलं, "अगं, नळ सोडायला कॉम्प्युटर कशाला?" तर म्हणाली, "मामी, स्वस्त आहे. जळला तर जळला." मला हसूच आलं. कारण हे वाक्य मी तिच्या जन्माच्या आधी ऐकलंय, धुळ्यात.

धुळ्याला एक चाचा टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात एक लहानसा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. म्हणजे नुसता कीबोर्डच म्हणा. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्याला प्रोग्रॅम भरवायचा. आमच्या यांच्या ऑफिसातही तेव्हा एक कॉम्प्युटर आला होता, पण तो एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढायच्या आणि काचेतून बघायचं. यांनी दोन वर्षांत त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. चाचा मात्र म्हणाले, "घेऊन जा बेटी. जळला तर जळला, कोण रडतंय याच्यासाठी?" मी दहावी शिकलेली. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले आणि चुकत चुकत शिकले.

सासूबाई म्हणायच्या, "हाई डबडं घरमा कसाले व माय? बठ्ठा लोके हसतीन."

त्या वर्षी नणंद बाळंतपणाला आली, आणि तीही ऐन मे महिन्यात. धुळ्याचा मे म्हणजे दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. कूलरचा पंप सतत चालू ठेवला की खोली ओलीगार व्हायची आणि बाळ शिंकायचं. बंद केला की दहा मिनिटांत अंगभर घामोळं. म्हणून आम्ही तिघी पाळीपाळीने बटणापाशी बसायचो. नणंदेला तर झोपच नव्हती. डोळे खोल गेले होते तिचे.

मग मी चाचांकडून एक लहानशी डबी जोडून आणली. कॉम्प्युटरने हुकूम केला की डबीत टक् व्हायचं, पंप सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा टक्, पंप बंद. बारा ओळींचा प्रोग्रॅम होता माझा. पहिल्या दुपारी नणंद तीन तास झोपली. एक खोड मात्र होती. वीज गेली की डबडं सगळं विसरायचं, आणि आली की कॅसेट लावून पुन्हा शिकवायचं.

बारशाला जावयांकडची माणसं येऊ शकली नाहीत. त्यांना ऐकवायला म्हणून सासूबाईंनी पाळणा टेप करायचं ठरवलं. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट होतीच. त्यांनी रुबाबात दोन बटणं दाबली आणि बायकांनी सुरेख पाळणा म्हटला. मी स्वयंपाकघरात, पुऱ्या तळत.

दोन वाजता वीज गेली, घटकाभराने आली. मी कॅसेट सुरू केली, पण टीव्हीवर काहीच येईना. वायर काढून पाहिली, तर टेपमधून सासूबाईंचा आवाज, "कुर्रर्र". पाळणा नेमका माझ्या प्रोग्रॅमवरच टेप झाला होता.

सासूबाई खाली बसल्या. "मनी चूक झायी व माय. आते काय करशी?"

"तुम्ही बटण सांभाळा. मी आठवून लिहिते."

कागदावर मी काहीच उतरवलेलं नव्हतं. बाळ रडत होतं, नणंद त्याला पदराने वारा घालत होती. एकदा चुकले, पंप सुरू झाला तो थांबेचना. पुन्हा चुकले. पण चुकायला मी कुणाला भीत नव्हते. ऑफिसातल्या त्या थंड खोलीत मला एवढं धाडस झालं असतं का? तिसऱ्यांदा टक् झालं, दहा मिनिटांनी पुन्हा टक्. आणि ओळी नऊच लागल्या, पहिल्या प्रोग्रॅममधल्या तीन उगीचच होत्या.

बाळ झोपलं, नणंद झोपली. सासूबाई मात्र बटणावर बोट ठेवून तशाच.

"आता राहू द्या, आई."

"तुन्हं डबडं इसरी गयं म्हंजे?"

प्रोग्रॅम पुन्हा टेप करायचा होता. कॅसेट घरात ती एकच. मी ती उलटी केली आणि तो दुसऱ्या बाजूला भरला. मग सुरीच्या टोकाने तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले, म्हणजे त्यावर पुन्हा कुणाला काही टेप करता येऊ नये. प्रोग्रॅमवरही नाही, आणि पाळण्यावरही नाही.