आधी पट्टा सोड

आमच्या लॅबमध्ये आक्कांना सगळे टरकून असायचे, डॉक्टरसुद्धा. माझी तर रोजच हजेरी घेतली जायची. "शीर सापडली ना? मग आधी पट्टा सोड! दंड आवळून ठेवलास तर रक्तातलं कॅल्शियम खोटं चढतं. त्या आकड्यावर उद्या कुणाच्या गळ्यावर सुरी फिरेल, बाई!" तीस वर्षं हेच पालुपद. कान किटले होते माझे.

एक दिवस त्या आपल्या थोरल्या बहिणीलाच हाताला धरून घेऊन आल्या. ताई माणसं विसरायच्या, उगाच रडायच्या, तांब्यावर तांब्या पाणी प्यायच्या. डोकं फिरलं म्हणून घरच्यांनी हात टेकले होते. मुलगा त्यांना सोमवारी मनोरुग्णालयात ठेवणार होता. वाईट नव्हता तो, आईमागे धावून पिट्टा पडला होता बिचाऱ्याचा.

"एवढी तहान, हाडं दुखतात, पोट साफ नाही," आक्का म्हणाल्या. "गळ्यातली बारकी ग्रंथी बिघडली की कॅल्शियम चढतं आणि माणूस असा भ्रमिष्ट होतो. ती काढली की बरा होतो. चढलेलंच निघू दे गं!"

ताई हात हिसडत होत्या, आक्का शीर चाचपत होत्या. शेवटी कसंबसं रक्त निघालं. यंत्राचा आकडा आला ११.८. हवा साडेदहाच्या आत. मी आनंदानं ओरडलेच. आक्कांनी मात्र रिपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला.

"पट्टा सोडायचा राहिला माझा."

"राहू दे की! मी कुणाला सांगतेय?"

"मला माहीत आहे ना!" म्हणत त्यांनी रिपोर्ट टराटरा फाडला.

अस्सा संताप आला मला! सोमवार दोन दिवसांवर, प्रश्न सख्ख्या बहिणीचा, आणि या बाईंना नियम सुचतायत.

थोड्या वेळानं त्यांनी दुसऱ्या हातातून, पट्टा न बांधताच, रक्त घेतलं. यंत्र चाललं होतं तोवर ताईंची वेणी सोडून पुन्हा घालत बसल्या. मी देव पाण्यात घालून उभी होते.

११.६.

बहिणीचा आजार निघाला म्हणून आनंदानं रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी भाच्याला फोन लावला. "अरे, तुझी आई वेडी नाही रे," एवढंच म्हणाल्या, "आजारी आहे!" मग फोन माझ्या हातात दिला, पुढचं मीच सांगितलं. माझाही राग कुठल्या कुठे पळाला.

पुढे तपासण्या झाल्या, गळ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ताई एकट्याच, चालत, रक्त द्यायला आल्या. मी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि गप्पांत जरा रेंगाळले.

"शीर सापडली ना? मग आधी पट्टा सोड!"

मी दचकून मागं बघितलं. आक्का पाठमोऱ्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. ओरडल्या होत्या ताई.

मी मुकाट्यानं पट्टा सोडला. आकडा आला ९.४.