नवऱ्याचं नाव सांगा!

मंडळी, आत्ताच पोलीस कचेरीतून घरी आलोय आणि हसू आवरत नाहीये.

माझी बायको एल्के जर्मनीची. तिची इथं राहायची परवानगी वाढवून घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पतीचं नाव?" एल्के म्हणाली, "हे बसलेत की, ह्यांनाच विचारा."

मला सत्तरच्या दशकातली पहिली खेप आठवली. नुकतंच लग्न झालेलं. सोलापूरच्या ह्याच कचेरीत साहेबांनी हेच विचारलं आणि ही गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. साहेबांना वाटलं, लग्न नुसतं कागदावरचं. आता हिला परत पाठवतात, अशी मला धास्ती.

सोबत आलेली आई पुढं झाली. "साहेब, मीच सांगितलंय तिला, नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय म्हणून. तुमच्या घरी घेत्यात व्हय?"

साहेब खो खो हसले आणि त्यांनी शिक्का मारला. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

आई आता नाही. तिच्या नाती नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारतात. तिचं ऐकणारी एकटी एल्केच उरली.

तुम्हीच सांगा, तिला इथं ठेवून घेतलं ते सरकारनं की आईनं?