विंगेतून आलेला शब्द

आमच्या बाबांना राजा व्हायची फार हौस. नोकरी बँकेत कारकुनाची, त्यामुळे ती हौस त्यांनी संध्याकाळी भागवली. पेठेतल्या एका शाळेचा हॉल, हौशी नाटकवाल्यांची एक संस्था, आणि तिचे संस्थापक, दिग्दर्शक, बहुतेक वेळा नायक आणि कायमचे अध्यक्ष बाबा. निवडणूक व्हायची नाही असं नाही. दरवर्षी चहा-बटाटेवड्याबरोबर व्हायची, आणि वडे संपायच्या आत बाबा बिनविरोध निवडून आलेले असायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तालमीच्या सतरंजीवर झोपले, मोठी झाल्यावर दासी, राजकन्या, राणी अशी बढती मिळत गेली. दिवसभर खराडीच्या ऑफिसात मीटिंगा करायच्या आणि संध्याकाळी गर्दीतून वाट काढत राणी व्हायला शहरात यायचं. अभिनय मला बेताचाच येतो. हे बाबांनीच मला सांगितलंय, पाहुण्यांसमोर.

संस्थेत एक नियम होता: विंगेतून शब्द द्यायचा नाही. इतर संस्थांत एक जण संहिता धरून विंगेत उभा असतो आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवतो. बाबांना ती भीक वाटायची. "शब्द विसरलात तर गप्प उभे राहा. लोकांना वाटेल अभिनय करताय," असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. आणि खरंच, आमच्या संस्थेतली माणसं विसरली की गप्प उभी राहायची, बाकीची त्यांच्याकडे बघत उभी राहायची, आणि कधी कधी त्यालाच टाळ्या पडायच्या.

बाबांचा एक लाडका विद्यार्थी होता. कॉलेजात असताना आला तो घरचाच झाला. आता पन्नाशीला टेकलाय. मी त्याला राखी बांधते. आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात माझ्यापेक्षा तोच जास्त बसला. नाटकात बाबा त्याला सेनापती द्यायचे, प्रधान द्यायचे, राजाचा धाकटा भाऊ द्यायचे. राजा कधी दिला नाही. त्यानंही कधी मागितला नाही.

मग बाबा विसरायला लागले. आधी नावं, मग दिवस. एकदा मंडईतून घरी यायला निघाले आणि भलत्याच पुलावर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वाढत जाणार, मागे फिरणार नाही. मी बाबांना सांगितलं. "डॉक्टरांचाही अभिनय बेताचाच आहे," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात नव्या नाटकाची घोषणा करून मोकळे झाले.

नाटक म्हणजे बाबांनी तरुणपणी मराठीत आणलेली एक जुनी शोकांतिका. एक सरदार आपल्याच राजाला मारून गादीवर बसतो आणि मग ज्यांच्या खांद्यावर पाय देऊन वर चढला, त्या एकेकाला संपवत जातो. वाचनाच्या दिवशी बाबा फळ्याशी उभे राहिले. म्हणाले, "खून पहिल्या अंकातच उरकतो. त्यात काही नाही. गादी मिळेपर्यंत माणसाला हाव असते. ती मिळाली की हाव मरते आणि तिच्या जागी भीती येऊन बसते. मग खरं बोलणारा शत्रू वाटतो आणि हांजी हांजी करणारा जिवलग. शेवटच्या अंकात राजाला मारायला लोक येतात, पण तोवर मारण्यासारखं उरलेलं नसतं."

इतकं ज्याला कळतं, त्याला स्वतःचं का कळू नये? मी या प्रश्नावर बाबांशी मनातल्या मनात फार भांडलेय. उत्तर त्यांच्याच नाटकात आहे, तेच वाईट. त्या राजालाही सगळं कळत असतंच.

तालमीत बाबा अडायला लागले. मध्येच वाक्य तुटायचं आणि ते शून्यात बघत राहायचे. ते भानावर आले की कुणीतरी म्हणायचं, "वा सर, काय पॉज घेतलात!" बाकीचे माना डोलवायचे. मला संताप यायचा. एकदा घरी जेवताना मी सरळच म्हटलं, "बाबा, तुम्ही नाटक बसवा. राजा त्याला द्या. नाटक तुमचंच राहील." बाबांनी घास खाली ठेवला. "त्यानं पाठवलं का तुला?" असं त्यांनी विचारलं. आईच्या आजारपणात आमच्यासाठी जागलेल्या माणसाबद्दल ते हे विचारत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

रंगीत तालमीला पाहुणे बोलावले होते. सिंहासन मांडववाल्याकडून आणलेलं, रिसेप्शनला नवरानवरी बसतात ते, लाल मखमलीचं. बाबा त्यावर बसले, शेजारी मी राणी. दुसऱ्या अंकात राजा जुन्या मित्राला मारायचा हुकूम देतो, तिथे बाबा थांबले. समोर शांतता. लोकांना ते आवडलंय हे मला कळत होतं. पण मी जवळ होते. त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी चाचपडत होती, अंधारात बटण शोधावं तशी. ते पार हरवले होते. आम्ही सगळे नियमाप्रमाणे गप्प उभे होतो.

आणि विंगेतून शब्द आला. हळू, एकच, अगदी बरोबर. पहिल्या दोन रांगांना तो ऐकू गेला.

बाबा उठले. "कोण बोललं?"

तो सेनापतीच्या वेषात पुढे आला. "मी, सर."

"आपल्याला घाई झालेली दिसते." बाबा चिडले की अरे-तुरेचा माणूसही 'आपण' व्हायचा. "गादी हवी असेल तर समोरून मागावी. विंगेतून नाही."

"सर, मला गादी नकोय. तुम्ही थांबलात म्हणून..."

"मी थांबलो नव्हतो. अभिनय करत होतो. इतक्या वर्षांत आपल्याला तो ओळखता येऊ नये, हे माझं अपयश. उद्यापासून येऊ नका. घरीही नाही."

प्रेक्षकांतलं कुणीतरी हसलं. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. त्यानं पुठ्ठ्याचं चिलखत काढून नीट खुर्चीवर ठेवलं, लांबूनच नमस्कार केला आणि तो गेला. बाकीचे मूग गिळून उभे राहिले. पुढे तेही गळाले. कुणाचा गुडघा दुखायला लागला, कुणाच्या मुलीची परीक्षा आली. नाटक झालंच नाही. त्या हॉलमध्ये आता संध्याकाळी झुंबाचे क्लास चालतात.

मला एकच हवं होतं. बाबा पुरते विसरायच्या आत या दोघांनी एकदा समोरासमोर बसावं. मी बाबांकडे विषय काढला की ते पानावरून उठून जायचे. तो मला फोन करायचा, "येऊ का?" मी म्हणायचे, "अजून नको." हळूहळू बाबांच्या डोक्यातून नाटक गेलं. बँक गेली. आई गेल्याचं गेलं, आणि ते तिला स्वयंपाकघरात शोधायला लागले. मग मला एक वेडी आशा वाटायला लागली. एवढं सगळं जातंय, तर तो रागही जाईल. ज्या आजाराला मी शिव्या देत होते, त्याच्याकडेच मी हे मागायला लागले.

एक दिवस मी बाबांना त्याचा फोटो दाखवला. "कोण हे?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर रागाची रेषाही नव्हती. मी लगेच त्याला फोन केला.

रविवारी सकाळी तो सीताफळं घेऊन आला. बाबांनी अगदी प्रेमानं बसवलं. "या, या. कुठले आपण? चहा घेणार ना?" तो बोलत राहिला, बाबा हसत राहिले. बाबांना कुणाशी तरी असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते. मला वाटलं, जमलं. मी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून रडले.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा त्याच्याकडे झुकून खालच्या आवाजात बोलत होते.

"भले दिसता म्हणून सांगतो. माझा एक विद्यार्थी आहे. पोटच्या पोरासारखा वाढवला. तो माझ्या वाईटावर आहे. आमची ही मुलगी भोळी आहे, तो आला की दार उघडेल. उघडू देऊ नका."

त्यानं माझ्या हातातला कप घेतला. मग म्हणाला, "काय केलं त्यानं?"

बाबांनी खूप वेळ आठवून पाहिलं. चहावर साय धरली. "ते आठवत नाही," ते म्हणाले. "पण तो येणार."

"नाही उघडू देणार, सर," तो म्हणाला.

त्यानं चहा संपवला, कप आत नेऊन विसळला आणि निघाला. मी दारापर्यंत गेले. तो जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "कडी लाव," ते म्हणाले. तो अजून तिथेच बसलेला होता. मी दार लोटलं आणि कडी लावली.