आपटेकाकांचं हलकं छप्पर

हडपसरला आमच्या सोसायटीमागे इंग्रजांच्या पलटणीचं जुनं शस्त्रागार आहे. तिथं आत शिरण्याआधी आपटेकाका सगळ्यांना चपला काढायला लावत. कुणी भाबडेपणानं "देऊळ आहे का?" विचारलं की म्हणत, "देवळात चुकलात तर देव माफ करतो. इथं चपलेच्या खिळ्याची ठिणगी पडली, तर माफ करायलाही कुणी उरायचं नाही." आत कित्येक वर्षांत दारूगोळा नव्हता. पारवे होते.

पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस रविवारी फुकट इतिहास सांगायचा आणि वर अपमानही फुकट करायचा. हातभर जाड भिंती, वारा येईल पण ठिणगी येणार नाही असे आतल्या आत वळवलेले झरोके, आणि वर मात्र साधी कौलं. "काका, भिंतींतच बजेट संपलं वाटतं," असं एक आयटीवाला म्हणाला.

"आपण इंजिनिअर का? वाटलंच," काका म्हणाले. "अहो, स्फोट झाला तर कौलं उडतात, आग वर जाते. भिंती टिकतात, गाव वाचतं. हलकं छप्पर ही या इमारतीची अक्कल आहे. सगळ्यांना असते असं नाही."

छप्पर गळू लागलं तेव्हा दुरुस्तीसाठी काकांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तिथंही तोंड आवरलं नाही, म्हणून काम रखडलं. अखेर मंजुरी आली आणि गावातलाच एक उत्साही ठेकेदार आला.

"काका, कौलं काढून स्लॅबच टाकतो. एकदम दणकट!"

"अहो, दणकट नको म्हणूनच हलकं ठेवलंय ना!"

"पण आता दारूगोळा हाय कुठं?"

"शनिवारवाड्यात तरी पेशवे कुठं आहेत? टाका तिथंही स्लॅब."

ठेकेदार मनापासून हसला आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं स्लॅब टाकला. काकांवर त्याची खरीच भक्ती होती.

उद्घाटनाला मी त्यांना बोलवायला गेलो. काका दारातच उभे राहिले. "मी दुरुस्ती मागितली नसती तर ते पडलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण पडेपर्यंत शस्त्रागार तर राहिलं असतं." त्यांच्या टोमण्यांची मला सवय होती, हे मात्र ऐकवेना. ते आले नाहीत, आणि वर्षभरात गेलेच.

शोकसभा त्याच स्लॅबखाली झाली. दाराशी आता संगमरवरी पाटी आहे: 'श्री. आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार'. काकांनी जन्मभर अख्ख्या गावाचा अपमान केला, पण इतका जिव्हारी लागणारा त्यांनाही कधी साधला नव्हता.