आढीतला मोबाईल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आंबेवाले आहेत. गिऱ्हाइकाने हापूस दाबून बघितला की त्यांचं डोकं फिरतं. "आंबा आहे तो, दारावरची बेल नव्हे! पेंढ्याच्या आढीत घातलाय ना? मग पिकेल त्याच्या वेळेला."

गेल्या वर्षी जावयाच्या नादाने त्यांनी परदेशातल्या युरेनियमच्या खाणींचे शेअर घेतले. तेव्हापासून त्यांचा अंगठा मोबाईलवरून हलेना. भाव चढला की गिऱ्हाइकाला दोन आंबे वर मिळत, उतरला की साधी पिशवीसुद्धा मिळत नसे. घरात वहिनीही आधी त्यांचा चेहरा बघत, मग कुठला मासा आणायचा ते विचारत.

यंदा गेलो तर हातात मोबाईल नाही.

"आढीत घातलाय," त्यांनी पेंढ्याकडे बोट दाखवलं. "जगाला वीज लागणारच आहे हो. रोज उठून काय बघायचं? पिकेल त्याच्या वेळेला."

मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी पैसे देऊन पिशवी उचलेपर्यंत तो टिकला.

"जरा थांबा," ते हळूच म्हणाले. "तुमच्या मोबाईलवर बघता का? भाव सांगू नका हां. नुसतं बघा."

मी बघितलं. चेहरा जमेल तेवढा कोरा ठेवला. ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"बरं," एवढंच म्हणाले, आणि माझ्याच पिशवीत हात घालून एकेक आंबा अंगठ्याने दाबत सुटले.